करमरकर रीत

करमरकर रीत : रेषीय नियोजनाचे, म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंगचे, प्रश्न संगणकावर सोडवण्याची एक पद्धत. नरेंद्र करमरकर यांनी ती 1984 मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना मांडली. ऑपरेशन्स रिसर्च आणि संगणकशास्त्र या दोन्ही विषयांत तिला स्थान आहे.

प्रश्न कसा असतो हे दिवाळीच्या फराळावरून कळेल. समजा, सदाशिव पेठेतल्या एका घरगुती व्यवसायात दिवसाला कढईची 600 मिनिटे आणि 30 किलो तेल मिळते. एक किलो चकलीला 12 मिनिटे व 300 ग्रॅम तेल लागते, एक किलो शेवेला 6 मिनिटे व 400 ग्रॅम. चकलीवर किलोमागे 100 रुपये सुटतात, शेवेवर 80. नुसती चकली केली तर 50 किलो होते आणि 5,000 रुपये मिळतात. नुसती शेव 75 किलो, 6,000 रुपये. पण 20 किलो चकली आणि 60 किलो शेव केली की वेळ व तेल दोन्ही पुरेपूर वापरले जाऊन 6,800 रुपये मिळतात. आलेखावर या अटींचा चौकोन होतो आणि हे उत्तर त्याच्या एका कोपऱ्यावर येते. उत्तर असेल तर ते कोपऱ्यावर सापडतेच, ही या विषयातील पायाभूत गोष्ट. दोन पदार्थांऐवजी हजारो चले आली की चौकोनाच्या जागी अनेक मितींची घनाकृती येते आणि कोपरे मोजण्यापलीकडे जातात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतले पाणी पुणे शहर आणि दौंड-इंदापूरकडे जाणारा कालवा यांत रोजच्या रोज वर्षभर कसे वाटावे, हा प्रश्न याच घराण्यातला.

जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. ती एका कोपऱ्यावरून कडेकडेने शेजारच्या अधिक फायद्याच्या कोपऱ्यावर जाते. व्यवहारात ती उत्तम चालते. पण क्ली आणि मिंटी यांनी 1972 मध्ये अशी उदाहरणे रचली, की तिला सगळे कोपरे फिरावे लागतात. तशा 50 चलांच्या उदाहरणात कोपरे 11 कोटी कोटींहून अधिक भरतात. सोव्हिएत गणिती खाचियान यांच्या 1979 च्या लंबगोलाच्या पद्धतीने हा प्रश्न बहुपदी वेळेत सुटतो, म्हणजे प्रश्न मोठा होत गेला तरी लागणारा वेळ त्याच्या आकाराच्या एका ठरावीक घाताच्या मर्यादेत राहतो, हे सिद्ध झाले. सिद्धांत म्हणून ते फार मोठे काम होते, मात्र प्रत्यक्ष गणितात ती पद्धत सिम्प्लेक्सपुढे टिकली नाही.

करमरकरांनी कडा सोडून दिल्या. त्यांची रीत आकृतीच्या पोटातल्या एका बिंदूपासून निघते. बिंदू भिंतीच्या फार जवळ असेल तर पाऊल आखूड पडते, म्हणून दर वेळी प्रक्षेपी रूपांतराने सगळी आकृती अशी ताणली-दाबली जाते, की तो बिंदू मध्यावर येतो. तिथे मावेल असा गोल कल्पून त्याच्या आत फायद्याच्या दिशेने पाऊल टाकायचे, मग रूपांतर उलटवून मूळ आकृतीत परतायचे आणि पुन्हा तेच. प्रगती मोजण्यासाठी त्यांनी एक वेगळे फल, म्हणजे फंक्शन, योजले. दर पावलाला ते किमान ठरावीक प्रमाणात घटते. या लेखकाच्या मते शोधाचे खरे सौंदर्य इथे आहे: जागा अडचणीची असेल तर जागाच बदलून घ्यायची. वाईटात वाईट परिस्थितीतही ही रीत लंबगोलाच्या पद्धतीपेक्षा चलांच्या संख्येच्या अडीचाव्या घाताइतक्या पटीने सरस ठरते.

नोव्हेंबर 1984 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर ही बातमी दिली. त्यानंतर वादही झाले. वेगाचे दावे इतरांना पडताळता येत नव्हते, कारण बेल लॅबोरेटरीजची मालक कंपनी एटी अँड टी हिने संगणकीय तपशील उघड केले नव्हते. 1988 मध्ये या रीतीला अमेरिकी पेटंट मिळाले आणि गणितावर मालकी असावी का, हा प्रश्न उभा राहिला. एटी अँड टीने या रीतीवर चालणारी कॉर्बेक्स नावाची यंत्रणा 89 लाख डॉलर किमतीला बाजारात आणली. फार थोड्यांनी ती घेतली. दरम्यान 1986 मध्ये गिल, मरे आदींनी दाखवले, की ही रीत 1960 च्या दशकातील अडथळा-फलांच्या पद्धतींची, म्हणजे भिंतीजवळ जाताना दंड वाढवून बिंदूला आत ठेवणाऱ्या पद्धतींची, नातलग आहे. सोव्हिएत संघात दिकिन यांनी 1967 मध्येच तिच्याशी जवळची पद्धत मांडली होती, हेही पुढे आले. यामुळे करमरकरांचे श्रेय कमी होत नाही. पोटातून जाणारी वाट बहुपदी वेळेत पोचते हे आधी कुणी सिद्ध केले नव्हते, आणि त्यानंतरच अशा आतून जाणाऱ्या, म्हणजे अंतर्बिंदू, पद्धतींवर संशोधनाचा ओघ सुरू झाला.

करमरकर मराठी कुटुंबातले. मुंबईच्या आयआयटीतून 1978 मध्ये पदवी घेऊन त्यांनी बर्कली येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली. भारतात परतल्यावर ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. पुढे पुण्यात कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटांच्या कंपनीच्या सुरुवातीच्या काळात त्यांचा सहभाग होता. याच कंपनीचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर 2007 च्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथा आला.

आज मूळ रूपातली करमरकर रीत क्वचित वापरली जाते. संजय मेहरोत्रा यांनी 1992 मध्ये मांडलेली सुधारित अंतर्बिंदू पद्धत अधिक रुळली आहे. सिम्प्लेक्सही मागे पडली नाही. या स्पर्धेमुळे तिच्यावरही नव्याने मेहनत झाली आणि ती कितीतरी वेगवान झाली. चले लाखांत असली तरी अंतर्बिंदू पद्धतीला बहुधा 100 पावलांच्या आतच उत्तर मिळते. पण उत्तर पूर्णांकात हवे असते तेव्हा चित्र बदलते. स्वारगेटहून साडेतीन बस सोडता येत नाहीत. अशा वेळी थोड्याथोड्या बदललेल्या अटींचे हजारो उपप्रश्न एकापाठोपाठ सोडवावे लागतात. आधीच्या उत्तराचा कोपरा हाताशी असेल तर सिम्प्लेक्स तिथूनच पुढे निघते. पोटातल्या बिंदूला मात्र बहुतेक वेळा पुन्हा मध्यापासून सुरुवात करावी लागते.