इंदूरची सावली दक्षिणेकडे पडते तेव्हा

दर वर्षी २१ जूनच्या सुमारास आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत उज्जैनच्या वेधशाळेची बातमी हमखास येते: शंकूभोवती (सावली मोजण्यासाठी उभ्या केलेल्या सरळ काठीभोवती) शाळेची मुले जमली आणि भर दुपारी सावली नाहीशी झाली. डोळ्यांना दिसले ते खरेच आहे. पण त्यावरून कर्कवृत्त उज्जैनमधूनच जाते आणि त्या दिवशी इंदूरपासून ग्वाल्हेरपर्यंत सगळीकडे सूर्य डोक्यावर असतो, असा जो समज रूढ झाला आहे, तो बरोबर नाही.

पृथ्वीचा आस सुमारे २३.४४ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्य मध्यान्ही ज्या अक्षांशावर थेट डोक्यावर येतो, तो अक्षांश रोज थोडा सरकत असतो. या अक्षांशालाच सूर्याची क्रांती म्हणतात. ती आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी झाली की सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी लपते. ग्वाल्हेर २६.२ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे हे कधीच घडत नाही. २१ जूनलाही एक मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली जवळजवळ पाच सेंटिमीटर, उत्तरेकडे पडलेली असते. इंदूर २२.७ अंशांवर आहे. त्यामुळे सूर्य उत्तरेकडे जाताना जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि परतताना जुलैच्या पहिल्या आठवड्यात, असा दोनदा आपल्या डोक्यावरून जातो. मधल्या सुमारे महिनाभर तो मध्यान्ही आपल्या उत्तरेला असतो आणि एरवी वर्षभर उत्तरेकडे पडणारी सावली दक्षिणेकडे वळते. २१ जूनला ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर असते, म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. याच काठीची २२ डिसेंबरची मध्यान्हीची सावली काठीपेक्षाही किंचित लांब असते.

सूर्याचा हा सरकण्याचा वेग वर्षभर सारखा नसतो, आणि मला या सगळ्यात सर्वांत मोहक वाटते ते हेच. झोका मध्यावर जोरात असतो आणि टोकाला येताना मंदावतो, तशी क्रांती मार्चमध्ये दिवसाला सुमारे ०.४ अंशाने बदलते, जूनच्या पहिल्या आठवड्यात ०.१ अंशाने, आणि अयनदिनी, म्हणजे २१ जूनच्या सुमारास, जवळजवळ थबकते. त्यामुळे जूनमध्ये इंदूरला एक दिवस चुकला, तरी मीटरभर काठीच्या सावलीत दोन मिलिमीटरचाही फरक पडत नाही.

आता उज्जैन. ते २३.१८ अंशांवर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला पाव अंशावर, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरवर आहे. तेथील शून्य सावलीचे खरे दिवस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणि महिनाअखेरीस येतात. २१ जूनला मीटरभर शंकूची सावली साडेचार मिलिमीटर भरायला हवी. परंतु सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्याने सावलीची कडाच नऊ मिलिमीटर रुंदीत पुसट होते आणि हा फरक तिच्यात बुडून जातो. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेल्या या वेधशाळेचे मोल त्याने कमी होत नाही.

‘पूर्वी कर्कवृत्त उज्जैनवरूनच जात असे’, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात आसाचा कल सध्या शतकाला सुमारे ४७ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) घटत असल्यामुळे कर्कवृत्त दर वर्षी १४-१५ मीटर दक्षिणेकडे सरकत आहे. म्हणजे सहाव्या शतकातल्या ज्योतिर्विद वराहमिहिराच्या काळी ते उज्जैनपासून आजच्याहून दूर होते, आणि ते तेथे पोहोचायला अजून सुमारे दोन हजार वर्षे लागतील. उज्जैन पृथ्वीचा मध्यबिंदू असल्याच्या दाव्याबद्दल एवढेच, की गोलाच्या पृष्ठभागावर मध्यबिंदू नसतोच. सावली हरवणाऱ्या क्षणी ‘विशेष ऊर्जा’ मिळत असल्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश तर वाचून सोडून द्यावेत.

इंदुरात हे पाहायचे असेल तर घड्याळाचे बारा धरू नयेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण ७५.९ अंशांवर असल्याने आपले मध्यान्ह जूनमध्ये साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी होते. सपाट गच्ची आणि तासलेली सरळ नळी पुरे. मात्र ती ओळंब्याने तपासून उभी करावी, कारण एका अंशाचा कलही पावणेदोन सेंटिमीटरची खोटी सावली पाडतो. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो, म्हणून जूनचाच साधावा.