कोशेर प्रमाणित क्राफ्ट बिअर : आस्वाद आणि समीक्षण

ज्यू धर्मातील आहारनियमांना ‘कश्रुत’ म्हणतात आणि त्या नियमांत बसणाऱ्या अन्नपेयांना ‘कोशेर’. एखादी बिअर कोशेर असल्याची ग्वाही धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या देखरेखीखाली मिळाली, की तिला कोशेर प्रमाणित म्हटले जाते. लहान प्रमाणावर, वेगवेगळे स्वाद साधत केलेली अशी बिअर चाखणे आणि तिच्या गुणदोषांविषयी लिहिणे हा या नोंदीचा विषय आहे. या लेखनात दोन स्वतंत्र प्रश्न एकाच पेल्यात येतात : हे पेय नियमांत बसते का, आणि ते चवीला कसे आहे. पहिल्याचे उत्तर जिभेवर कधीच सापडत नाही.

पुण्यात हा विषय परका नाही. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी कॅम्पात बांधायला घेतलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग 1867मध्ये पूर्ण झाले. लाल विटांमुळे पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात, आणि ससून यांची समाधीही त्याच आवारात आहे. रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनास्थळ. हा समाज कोकणातून आलेला आणि घरात मराठी बोलणारा आहे. दुसरीकडे, 2009मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून पुण्यात मायक्रोब्रुअरी, म्हणजे टाकीतून थेट ताजी बिअर देणारी ठिकाणे, रुजत गेली. टाकीतून पेल्यात येणाऱ्या बिअरला बाटलीसारखे लेबल नसते, त्यामुळे लेबल वाचण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. घटक कोणते, हे बिअर बनवणाऱ्यालाच विचारावे लागते.

पाणी, सातूचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) आणि यीस्ट या चार घटकांत मुळात आक्षेपार्ह असे काही नाही. म्हणूनच अनेक प्रमाणन संस्था साध्या, वेगळा स्वाद न घातलेल्या बिअरला शिक्का नसला तरी हरकत घेत नाहीत. खरी गुंतागुंत क्राफ्ट बिअरमध्ये होते, कारण या चार घटकांपलीकडे जाणे हाच तिचा स्वभाव आहे. द्राक्षांचा रस किंवा वाइन यांना कश्रुतमध्ये वेगळे आणि कडक नियम आहेत : द्राक्षे चिरडण्यापासून पुढचे काम धर्मपालन करणाऱ्या ज्यू माणसांच्या हातून व्हावे लागते. त्यामुळे द्राक्षरस घातलेली किंवा कोशेर नसलेल्या वाइनच्या लाकडी पिंपात मुरवलेली बिअर प्रश्नात सापडते. ताज्या फळांच्या बाबतीत अडचण किड्यांची आहे, कारण किडे खाणे निषिद्ध आहे. सासवडकडचे अंजीर किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वापरायची, तर आधी फळ नीट तपासून घ्यावे लागते. लाल रंगासाठी कोचिनील किड्यापासून काढलेला कार्माइन वापरला, तर तीही बिअर बाद ठरते. बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या वातपिशवीपासून केलेले आयसिंग्लास वापरतात. ज्या स्टर्जन माशापासून ते पूर्वी मिळवत, तो कोशेर नाही. तरीही अठराव्या शतकात प्रागचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, येहेझकेल लांडाऊ यांनी पेय नितळ करण्यासाठी त्याचा वापर ग्राह्य ठरवला, आणि पुढच्या चर्चेत या निर्णयाचा आधार वारंवार घेतला गेला.

दुधाची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. मिल्क स्टाउट या गडद बिअरमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालतात. बिअरच्या यीस्टला ती आंबवता येत नाही, म्हणून गोडवा आणि भरीव दाटपणा शेवटपर्यंत टिकतो. अशी बिअर कोशेर असू शकते, पण ती ‘दुधाची’ ठरते आणि मांसाच्या जेवणाबरोबर चालत नाही. बेने इस्राएल स्वयंपाकात मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध घालतात, त्यात अडचण नसते. त्याच ताटाशेजारी मिल्क स्टाउटचा पेला मात्र ठेवता येत नाही. याउलट, काही बिअरांना लोण्यासारखा वास येतो. तो डायअसिटिल या संयुगाचा असतो, ते यीस्टच तयार करते आणि दुधाशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणजे जिथे लोण्याचा वास येतो तिथे दूध नसते, आणि जिथे दुधाचा अंश असतो तिथे तो नाकाला कळेलच असे नाही. चाखणाऱ्याने आपल्या नाकावर विसंबून धार्मिक निष्कर्ष काढू नये, हे या एका उदाहरणावरून पटावे.

चाखण्याची पद्धत मात्र इतर कोणत्याही बिअरसारखीच आहे. पेला साबणाचा अंश न राहिलेला हवा, नाहीतर फेस बसतो. बिअर फार गार असू नये, कारण थंडीने वास दबतो. ओतल्या ओतल्या आधी वास घ्यावा, कारण हलके सुगंध पहिल्या काही क्षणांतच उडून जातात. मग रंग, नितळपणा आणि फेसाचा टिकाऊपणा पाहावा, आणि त्यानंतर घोट घ्यावा. जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे नसते आणि लवंगही नसते. दोन्ही यीस्टची देणगी असते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बिअरला हवा लागून ती शिळी झाली असे समजावे. हिरव्या सफरचंदाचा आला, तर बहुधा ती पुरती मुरण्याआधीच बाहेर काढलेली असते. बिअर परीक्षकांच्या प्रचलित बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम) गुणपत्रिकेत एकूण 50 गुण असतात : वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर परिणामाला 10. शिक्क्यासाठी त्यात गुण नाहीत, आणि ते असूही नयेत. श्रद्धेपोटी फिक्या बिअरला वाढवून गुण दिले, तर ते वाचकावर आणि कसबी कारागिरावरही अन्यायकारक ठरते.

चांगल्या समीक्षणात प्रमाणपत्राची माहिती स्वतंत्रपणे आणि नेमकी द्यावी : ते कोणत्या संस्थेचे, कोणत्या बिअरसाठी आणि केव्हा पाहिलेले. एकाच कारखान्यातल्या एका बिअरला शिक्का असला, म्हणून दुसरीलाही तो लागू होत नाही. बिअर बाटलीतली होती की नळावरची, हेही नोंदवावे.

धार्मिक विधींतही बिअरला स्थान आहे. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, संपताना होणाऱ्या हव्दाला विधीत वाइन नसेल, तर जिथे बिअर हे त्या मुलखाचे प्रतिष्ठित पेय मानले जाते तिथे ती चालते. या विधीत सुगंधी मसाल्यांचा वासही घेतात. आंबवलेले धान्य निषिद्ध असलेल्या पेसाह या सणाच्या दिवसांत मात्र सातूचे माल्ट घातलेली बिअर पूर्ण वर्ज्य असते, आणि मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मनियमसंग्रहात या संदर्भात मीडिया या प्राचीन इराणी प्रदेशातील बिअरचे नाव आलेले आहे. बेने इस्राएल समाजात या सणाचे जुने मराठी नाव आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्यावरून पडले आहे. पेसाहच्या काळात ज्यू मालकाकडे राहिलेली बिअर सण संपल्यावरही पिता येत नाही. त्यामुळे मालक ज्यू असेल, तर सणाआधी साठ्याची मालकी रीतसर दुसऱ्याकडे दिली होती का, हे जाणकार चाखणारा पहिला घोट घेण्याआधीच विचारून घेतो.