नॉट: वेग, गाठ आणि पाण्यात टाकलेली फळी

चक्रीवादळ आले की बातम्यांत ‘वाऱ्याचा वेग ६० नॉट प्रति तास’ असे हमखास ऐकू येते. यातले ‘प्रति तास’ चुकीचे आहे. नॉट हाच वेग आहे: तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. सागरी मैल हा ढोबळमानाने अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. हवामान खाते ज्या ३४ नॉटपासून ‘चक्रीवादळ’ म्हणते, तो वेग ताशी सुमारे ६३ किमी होतो.

पण इंग्रजीत नॉट म्हणजे तर गाठ. मग वेगात गाठ कुठून आली?

शिडाच्या जहाजांवर वेग मोजायला पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी असे. तिच्या गोल कडेला शिसे ठोकलेले, त्यामुळे ती पाण्यात उभी तरंगे आणि जवळजवळ जागच्या जागी राही. तीन दोऱ्यांनी ती एका लांब दोराला जोडलेली. फळी मागच्या बाजूने पाण्यात सोडली की रिळावरून दोर सुटू लागे. सुरुवातीचा दोर मोजायचा नाही, कारण जहाजामागचे घुसळलेले पाणी फळीला आपल्याबरोबर ओढते. त्यापुढे बांधलेली चिंधी हातातून गेली की २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटायचे. दोरावर दर ४७ फूट ३ इंचांवर खूण असे. वाळू संपेपर्यंत जितक्या खुणा गेल्या, तितके नॉट. गणित सोपे आहे: ताशी एक सागरी मैल गेलेले जहाज २८ सेकंदांत सुमारे १४.४ मीटर जाते, आणि ४७ फूट ३ इंच म्हणजे तेवढेच. शेवटी हिसका दिला की एका दोरीची खुंटी निसटे, फळी आडवी होई आणि सहज ओढून घेता येई.

खुणेसाठी मुख्य दोरालाच गाठ मारत नसत. दोराच्या पेडांत बारीक सुतळी खोवून त्या सुतळीला गाठी मारत. कारण गाठीतल्या तीव्र वळणावर बाहेरच्या धाग्यांवर जास्त ताण येतो आणि दोर तिथेच तुटतो.

चुका बहुधा दोर आणि वाळू यांच्या. रीळ अडखळले तर फळी ओढली जाते आणि वेग कमी दिसतो. दोर भिजून आटला की वेग जास्त दिसतो. दमट हवेत वाळू रेंगाळून २८ ऐवजी ३० सेकंद लागले, तर १० नॉटचे १०.७ होतात; दिवसाकाठी १७ मैलांची चूक. धुक्यात किनारा शोधणाऱ्याला ती परवडत नाही. (उत्तर युरोपात तीन गाठींत वारा बांधून खलाशांना विकणारे भोंदूही होते. त्या गाठींचे माप कोणी तपासले नाही!)

या फळीला ‘लॉग’ म्हणत. तिचे आकडे ज्या वहीत उतरवत ती लॉगबुक. संगणकातले ‘लॉग इन’ तिथूनच आले. गणितातल्या लॉगॅरिदमच्या ‘लॉग’शी मात्र तिचे काही नाते नाही, तो ग्रीक शब्दांवरून बनला आहे.