गॅस्ट्रोनंतरचा दुधाचा पेला

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पिणाऱ्या कोल्हापुरात, आजारातून उठलेल्याला ‘ताकदीला दूध घे’ असंच सांगतात. शिवाजी पेठेतले आमचे एक शेजारी गॅस्ट्रोतून उठले, पण तीन आठवडे पोट थाऱ्यावर येईना. दूध घेतलं की तास-दोन तासांत गुडगुड, गॅस, पातळ शौचाला. आरोग्यविमा नाही. एका दवाखान्यात स्कॅन आणि दुर्बिणीचा खर्च ऐकून ते हबकलेच. कुणी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून दिलं. बेंबी हा नाळेचा वण. ती सरकत नाही.

खरी गडबड लहान आतड्याच्या अस्तरात असते. तिथे मखमलीसारखी लव असते. तिच्या पेशी तळाशी जन्मतात, वर सरकतात आणि ३ ते ५ दिवसांत टोकावरून गळतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तोडणारं लॅक्टेज हे विकर वर पोचलेल्या पक्व पेशींवरच असतं. गॅस्ट्रोत नेमकी ती टोकं झडतात. नवी पेशी लवकर येते, पण पक्व व्हायला वेळ घेते; म्हणून लॅक्टेज सगळ्यात शेवटी परततं, कधी काही आठवड्यांनी.

आता हिशेब पाहा. पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे ३५ मिलिमोल (मिलिमोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक). ते न तुटता राहिलं, तर रक्ताइतकी तीव्रता राखायला आतड्यात सुमारे १२० मिलिलिटर पाणी ओढलं जातं. पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यापासून हायड्रोजन आणि आम्लं बनवतात. एका रेणूचे अनेक होतात, की पाणी आणखी. हा हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात जातो. श्वासात तो मोजायची चाचणीही आहे.

पण पहिली चाचणी फुकट आहे: दोन आठवडे दूध, चहातलंसुद्धा, बंद. दही बहुतेकांना चालतं, कारण विरजणातल्या जिवाणूंकडे स्वतःचं लॅक्टेज असतं. दूध उकळून लॅक्टोज जात नाही. धारोष्ण दुधातले जंतू मात्र मरतात, म्हणून उकळायचंच.

शौचात रक्त, ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल तर घरचे प्रयोग थांबवून थेट सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, बाह्यरुग्ण विभागात जावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, त्यामुळे बिनविम्याच्या माणसाला सरकारी केसपेपरच परवडतो.

शेजाऱ्यांचं पोट दहाव्या दिवशी शांत झालं. महिन्याने जेवणासोबत अर्धा कप दूध सुरू केलं, तेही उकळून.