निरोप घेऊन जाणारी पोरं

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर रात्री कोणी वारलं, की पूर्वी आधी दोन तरणी पोरं उठवायचे. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात काठी. कुठल्या सोयऱ्याकडे आधी जायचं, कोणाला नुसतं ‘सकाळी लवकर या’ म्हणायचं आणि कोणाला खरं ते सांगायचं, हे म्हातारी माणसं उंबऱ्याशी उभी राहून बजावत. तीन-चार गावं पालथी घालून पोरं उजाडताना परत यायची. ओढा कुठून ओलांडायचा, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, आजोबांची आत्या कुठल्या घरी दिली होती, हे सगळं त्यांना या फेऱ्यांतच कळायचं. इंटरनेटमुळे तरुण गावापासून तुटले, असं कोणी म्हटलं की मला आधी हे काम आठवतं.

तुटणं मात्र फार आधीचं आहे. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्याला आली, १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली. पुढे आसनगाव, आटगाव, खर्डीची पोरं पहाटेची लोकल धरून कामाला जाऊ लागली. मुरबाडला रेल्वे नाही, तिथली पोरं एसटीने कल्याण गाठत. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं. गावासाठी उरला रविवार. भजनाला टाळ धरणारे हात तेव्हाच कमी झाले. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत ‘आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या’ हा व्यवहारही मजुरीवर आला.

मग एसटीडी बूथ आले. बूथवाला सांगायचा, ‘तुमच्या मुंबईच्या मुलाचा फोन होता, दहा मिनिटांनी परत करतोय.’ हे सांगायलाही एक पोरगा धावतच जायचा. २००३ मध्ये मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि हळूहळू ती धाव संपली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि पारावरची पोरं तिथेच, एकमेकांशेजारी, पण आपापल्या स्क्रीनमध्ये बसू लागली. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा रेंजसाठी टेकडी चढणारी मुलं होती. ज्या कातकरी घरांत फोनच नव्हता, दिवाळीनंतर जी घरं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्यांची मुलं मागे पडली, ती पडलीच.

तरी सगळं नुकसानच झालं असं मी म्हणणार नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. आता म्हातारा माणूस चष्मा सावरत शेजारच्या पोराकडे येतो, ‘बघ रे बाळा, नाव लागलं का?’ समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनानंतर ज्यांना जमिनीचे कागद पुन्हा पुन्हा बघावे लागतात, त्यांना अशा पोराचा मोठा आधार वाटतो. आणि मुलींचं काय? निरोप घेऊन त्यांना कधीच कोणी धाडलं नाही, पारावर बसायची मुभा तर नव्हतीच. गावच्या ग्रुपवर नळाला पाणी का आलं नाही, असं विचारणारी पहिली मुलगी मी पाहिली, तेव्हा मला फार बरं वाटलं. लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली लेक पालखीचा व्हिडिओ बघते आणि आईला फोन करते. हेही नातंच आहे. फक्त अनेक घरांत तो फोन अजून भावाचा असतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात एक आजी गेली. रात्री दोनला ग्रुपवर बातमी आली. सकाळपर्यंत हात जोडलेल्या चित्रांनी स्क्रीन भरून गेली होती. अंगणात मात्र मोजून पाचजण. तिरडीला खांदा द्यायला माणसं हवीत, म्हणून तिच्या थोरल्या मुलाने शेवटी दोन पोरांना दारोदार पाठवलं. एकाने मला हळूच विचारलं, ‘काका, आजीचं माहेर कुठलं?’