लग्नानंतर आडनाव बदलणं

लग्न झाल्यावर जोडीदारांपैकी एकाने, बहुतेक वेळा बायकोने, जन्माचं आडनाव सोडून दुसऱ्याचं आडनाव लावणं म्हणजे हा बदल. जुनं आडनाव पूर्ण सोडणं, दोन्ही आडनावं जोडून लावणं आणि कागदोपत्री जुनंच ठेवून चारचौघांत नवीन वापरणं, हे तिन्ही प्रकार लोक 'नाव बदललं' असंच सांगतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. ही पद्धत सगळ्या जगात आहे आणि पूर्वापार चालत आलीय असं सर्रास म्हणतात, पण दोन्ही खरं नाही.

प्राचीन रोममध्ये बाई लग्नानंतरही बापाच्या कुळाचंच नाव लावायची. ग्रॅकस बंधू या रोमन पुढाऱ्यांची आई सेम्प्रोनियस घराण्यात लग्न होऊन गेली तरी बापाच्या कॉर्नेलियस कुळावरून शेवटपर्यंत कॉर्नेलियाच राहिली. कोरियात बाईचं कुळनाव लग्नाने बदलत नाही, चीनमध्ये १९५० च्या विवाह कायद्याने नवरा-बायको दोघांनाही आपापलं नाव वापरायचा हक्क दिला. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं आणि एक आईकडचं, ती लग्नाने हलत नाहीत. आइसलँडमध्ये तर बहुतेकांना आडनावच नसतं, नावापुढे 'अमक्याची मुलगी' एवढंच, मग नवऱ्याचं लावायचा प्रश्नच येत नाही, कारण ती काही सासऱ्याची मुलगी नव्हे.

खरा वाद आहे तो इंग्लंडमधल्या उगमाचा. एक मत असं की १०६६ मध्ये फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर 'नवरा-बायको मिळून कायद्याच्या नजरेत एकच व्यक्ती' ही कल्पना आली आणि नावही तिच्या मागोमाग बदललं. दुसरं मत असं की इंग्लंडात पिढीजात आडनावंच सर्वसामान्य लोकांत नीट रुजायला १४ वं-१५ वं शतक उजाडलं, त्यामुळे बदलायला मुळात आडनाव हातात असायला हवं ना, म्हणून ही चाल त्यानंतरचीच असणार. हे दुसरं मत जास्त पटतं. त्याला जोर देणारा एक पुरावा म्हणजे विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने १६०५ साली केलेली नोंद: आमच्याकडे बायका लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव घेतात, पण फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये वरच्या थरातल्या बायका नवऱ्याच्या आडनावासोबत स्वतःचंही राखतात. जे सगळीकडे सारखंच चालतं ते कुणी असं मुद्दाम तुलना करून लिहीत नाही, म्हणजे १७ व्या शतकाच्या सुरुवातीलाही ही इंग्लंडची वेगळी चाल वाटत होती असं म्हणायला हरकत नाही.

पुढे ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडिताने १७६५ साली लिहिलं की लग्नाच्या काळात बाईचं कायदेशीर अस्तित्व स्थगित होतं, नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जातं. या तत्त्वाला कव्हर्चर म्हणतात. त्याखाली बायकोची मालमत्ता, करार, कोर्टातले दावे सगळं नवऱ्याच्या हातात जायचं. पण आडनावाचं काय? तांत्रिक मुद्दा इथेच आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. इंग्लिश कॉमन लॉमध्ये, म्हणजे रूढी आणि कोर्टाच्या निकालांतून घडलेल्या कायद्यात, माणसाचं नाव म्हणजे ज्या नावाने लोक त्याला ओळखतात ते, त्याला हुकूमनामा लागत नाही. म्हणजे लग्नाने नाव आपोआप बदलत नव्हतं, बाई नवीन नाव वापरायला लागली म्हणून बदलत होतं. तरीही अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोर्टाने १८८१ साली एका खटल्यात, बाई लग्नाबरोबर नवऱ्याचं आडनाव घेते असाच शतकानुशतकांचा नियम असल्याचं म्हटलं आणि पुढची कोर्टं तेच उचलत गेली. मेरीलँडच्या वरिष्ठ कोर्टाने १९७२ मध्ये आणि टेनेसीच्या सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये स्पष्ट केलं की असा सक्तीचा नियम नाही, बाईने जन्माचंच आडनाव वापरत राहिलं तर तेच तिचं कायदेशीर नाव. रूढीला कायदा समजलं गेलं आणि ते निस्तरायला जवळपास शंभर वर्षं गेली.

या गैरसमजाची किंमत ल्यूसी स्टोन या अमेरिकेत बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बाईच्या बाबतीत दिसते. १८५५ साली हेन्री ब्लॅकवेलशी लग्न करूनही तिने स्वतःचं आडनाव ठेवलं. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने बायकांना शाळा समितीच्या निवडणुकीत मत द्यायची परवानगी दिली, ल्यूसी नोंदणी करायला गेली तर अधिकारी म्हणाले ब्लॅकवेल असं नाव लावा. तिने नकार दिला आणि मत दिलंच नाही. आयुष्यभर ज्या हक्कासाठी लढली तो समोर आलेला असताना.

जपानचा प्रकार आणखी शिकवणारा आहे. तिथे १८७६ च्या सरकारी आदेशाप्रमाणे बायकोने माहेरचंच आडनाव लावायचं होतं. १८९८ च्या नागरी कायद्याने ते उलटं केलं, सगळ्या घराचं एकच आडनाव. १९४७ मध्ये नवरा-बायकोने दोघांपैकी कुठलंही एक निवडावं असं ठरलं, पण एकच हवं ही अट राहिली आणि आजही शंभरातल्या ९०हून जास्त जोडप्यांत बायकोच बदलते. २०१५ आणि २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ही अट घटनेला धरूनच आहे असं सांगितलं.

फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळातला १७९४ चा कायदा जन्मनोंदीतलं नावच खरं मानतो, नवऱ्याचं फक्त वापरापुरतं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १९८१ पासून दोघंही जन्माचंच नाव ठेवतात. तुर्कस्तानात बायकोवरची सक्ती घटना न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवली. भारतात आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, ऑफिसात कुणी तसं ठासून सांगितलं तरी नाही.

प्रत्यक्षात त्रास होतो तो कागदांचा. डिग्रीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, बँकेत सहीचा जुना नमुना, आणि प्रत्येक खिडकीवर लग्नाचा दाखला दाखवून ही दोन्ही मीच हे सिद्ध करत बसायचं. संशोधन करणाऱ्या बाईचे लग्नाआधीचे पेपर एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्यावर गेले की शोधणाऱ्याला त्या दोन वेगळ्या व्यक्तीच वाटतात.

नवऱ्याने बायकोचं आडनाव घ्यायची उदाहरणं कमी आहेत. स्वित्झर्लंडच्या एका जोडप्याने बायकोचं बुर्गहार्ट्झ हे कुटुंबाचं आडनाव ठरवलं आणि नवऱ्याने त्याच्या आधी आपलं श्नायडर जोडायचं म्हटलं. बायकोला असं करायची मुभा होती, नवऱ्याला नाकारली गेली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९४ मध्ये हा भेदभाव असल्याचा निकाल त्यांच्या बाजूने दिला.