वाळवंटी हवामानातील काँक्रीटकाम आणि कामगार

उष्ण वाळवंटी प्रदेशात काँक्रीट ओतणारे, व्हायब्रेटर चालवणारे, रंधा मारणारे आणि नंतर पाणी मारणारे कामगार ज्या परिस्थितीत काम करतात, ती इतर बांधकाम मजुरांपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. वीटकाम किंवा सळईकाम ऊन वाढले की थांबवता येते. काँक्रीट थांबत नाही. स्लॅब अर्ध्यावर सोडला तर आधीचा थर घट्ट होतो, नवा थर त्याच्याशी एकजीव होत नाही आणि तिथे थंड सांधा राहतो. उन्हात ही मुदत आणखी आखडते. म्हणजे माणसाला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या वेळी काम सर्वाधिक घाईचे होते.

हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंश सेल्सियसपेक्षा वर गेले की वारा शरीराला उष्णता देऊ लागतो. थंडावा उरतो तो फक्त घाम सुकण्याचा. कोरड्या हवेत घाम इतक्या झटपट सुकतो की अंग कोरडेच वाटते आणि किती पाणी गेले ते कळत नाही. पायाखाली तापलेल्या सळया, अंगात लांब बाह्या, पायात रबरी गमबूट, आणि सिमेंटच्या रासायनिक क्रियेची स्वतःची ऊब वेगळीच. किनारपट्टीच्या वाळवंटात उलट अडचण असते : हवा दमट, घाम निथळतो पण सुकत नाही.

म्हणून नुसते हवेचे तापमान पाहून भागत नाही. ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’ या निर्देशांकात ओल्या फडक्याच्या तापमापीला ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्या तापमापीला २० टक्के आणि साध्या तापमापीला १० टक्के वजन असते. त्यामुळे दमटपणा, ऊन आणि वारा तिन्ही हिशेबात येतात. कतारने २०२१ मध्ये हा निर्देशांक ३२.१ अंशांच्या वर गेल्यास काम बंद करण्याचा नियम केला. शिवाय १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरील काम बंद असते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ अशी बंदी आहे, मात्र मध्येच सोडता न येणाऱ्या कामांना अटींवर सूट मिळते आणि काँक्रीट ओतणे त्यातलेच. केवळ घड्याळावर चालणारा नियम तपासायला सोपा असतो, पण दमट सकाळी ९ वाजताचा धोका त्याला दिसत नाही. काँक्रीटच्या गाडीत तापमापी खुपसून पाहतात (३५ अंश ही सर्रास वापरली जाणारी मर्यादा). ओतणाऱ्यासाठी तेवढी काळजी क्वचितच दिसते.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण पाळीच्या २० टक्केच वेळ उन्हात काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावे. सुटीवरून परतलेल्या जुन्या माणसाची सवयही आठवड्याभरात उतरू लागते; त्याला ५०, ६०, ८०, १०० टक्के असे चढवतात. पाणी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, साधारण २५० मिलिलिटर. तहानेची वाट पाहू नये. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये, रक्तातले मीठ घसरते. लघवी गडद होणे, पोटऱ्यांत गोळे येणे या पहिल्या खुणा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, हा समज घातक आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. कपडे काढून बर्फाच्या पाण्यात ठेवावे किंवा पाणी ओतत राहावे.

मोठी कामे म्हणूनच रात्री होतात. दुबईच्या बुर्ज खलिफाचे उन्हाळ्यातले काँक्रीट रात्री, मिश्रणात बर्फ घालून ओतले गेले. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोजूल उष्णता शोषतो. नुसत्या गार पाण्याने एवढे साधत नाही. रात्रीचे काम मालाला चांगले आणि माणसालाही बरे, पण दिवसा तापलेल्या खोलीत झोप झाली नाही तर फायदा फुकट जातो.

सिमेंटने कातडी भाजणे हे वेगळेच. ओल्या काँक्रीटचे सामू मूल्य (pH) १२ ते १३, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असते. गमबुटात शिरलेला गारा सुरुवातीला दुखत नाही. पाळी संपून बूट काढेपर्यंत कातडी खोलवर जळलेली असते. उकडते म्हणून हातमोजे काढले की घामावर सिमेंटची धूळ बसून तेच घडते. गारा आत गेल्याक्षणी बूट-मोजा काढून वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धुवावे. गुडघे टेकून रंधा मारायचा असेल तर खाली फळी घ्यावी.

थकलेल्या टोळीचा एक ठरलेला दोष म्हणजे गाडी उशिरा आली, माल आवळला, की ड्रममध्ये पाणी सोडणे. ढोबळ हिशेबाने घनमीटरमागे ५ लिटर जादा पाण्याने ताकद १ ते १.५ मेगापास्कलने घटते. उपाय मुकादमाला दटावण्यात नाही, तर मंदक रसायन (काँक्रीट घट्ट होणे लांबवणारे) आणि गाड्यांच्या वेळापत्रकात आहे.

ओतणे संपले की टोळी सावलीत जाते. गोणपाट ओले ठेवणारा मात्र किमान ७ दिवस त्याच स्लॅबवर, बहुधा एकटा असतो. पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे १ किलोपर्यंत पाणी उडू लागले की बारीक तडे जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याला भर दुपारीही वर चढावे लागते. काम हलके गणले जात असल्याने विश्रांतीच्या फेऱ्यांत त्याचे नाव सुटते. तो कोसळला तर पाहणारा जवळ हवा. जोडीदार देणे किंवा ठिबक नळी अंथरणे हाच त्यावरचा तोडगा.